लॉगमध्ये ट्रॅप दिसतोय, पुढे मात्र जात नाही: तीन रात्रींचा अनुभव

एसएनएमपी म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांवर लक्ष ठेवायची पद्धत. पोलिंगमध्ये सर्व्हर उपकरणाला विचारतो, ट्रॅपमध्ये उपकरण स्वतःहून कळवतं. एवढं धरून पुढे चालतो. माझ्याकडे काम साधंच आलं होतं. स्विच आणि राउटरचे ट्रॅप एका लिनक्स सर्व्हरवर घ्यायचे आणि तिथून मुख्य मॉनिटरिंग सर्व्हरला फॉरवर्ड करायचे. त्यासाठी नेट-एसएनएमपी या सॉफ्टवेअरचा एसएनएमपीट्रॅपडी होता, म्हणजे ट्रॅप घेणारा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम). अर्ध्या दिवसाचं काम म्हणून घेतलं आणि तीन रात्री घालवल्या.

ट्रॅप यूडीपी पोर्ट १६२ वर येतात, १६१ वर नाही. १६१ वर एजंट, म्हणजे पोलिंगला उत्तर देणारा उपकरणावरचा प्रोग्राम, ऐकत असतो. हे मला ठाऊक होतं, तरी पहिल्या दिवशी फायरवॉलमध्ये १६१ उघडून बसलो. त्यात टीसीपीडम्पवर (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) पॅकेट दिसत होतं, म्हणून फायरवॉलवर संशयच आला नाही. येणारं पॅकेट टीसीपीडम्पला फायरवॉलच्या आधी दिसतं, हे तेव्हा कळलं. असो, ही चूक तासाभरात सुटली.

खरा घोळ पुढचा. लॉगमध्ये ट्रॅप छान उमटत होते. कॉन्फिगमध्ये फॉरवर्डची ओळही होती: 'फॉरवर्ड डीफॉल्ट' आणि पुढे मुख्य सर्व्हरचा पत्ता. तरी तिकडे शुकशुकाट. एरर नाही, इशारा नाही. मी मधलं नेटवर्क तपासलं, मुख्य सर्व्हरवाल्यांशी वाद घातला, पत्ता चार वेळा बदलून पाहिला.

कारण एका शब्दाचं होतं. आवृत्ती ५.३ पासून एसएनएमपीट्रॅपडी परवानगी दिल्याशिवाय कुठलाच ट्रॅप हाताळत नाही. ही परवानगी कॉन्फिगमधल्या ऑथकम्युनिटीच्या ओळीत कम्युनिटीला (ट्रॅपसोबत येणारा पासवर्डसारखा शब्द) द्यायची असते आणि ती तीन प्रकारची असते. 'लॉग' म्हणजे फक्त नोंद. 'एक्झिक्यूट' म्हणजे ट्रॅप आला की कॉन्फिगमधल्या ट्रॅपहँडलच्या ओळीने स्क्रिप्ट चालवणं. 'नेट' म्हणजे पुढे पाठवणं. माझ्या ओळीत फक्त 'लॉग' होतं. म्हणजे डीमन माझंच ऐकत होता: नोंद कर म्हटलं, त्याने केली, पुढे पाठव असं मी म्हटलंच नव्हतं. 'लॉग,एक्झिक्यूट,नेट' लिहिलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि पहिल्याच मिनिटाला तिकडे लिंकडाउन (पोर्टची लिंक गेल्याचा ट्रॅप) उमटला. परत सांगतो, कारण तुम्हीही इथेच अडकाल: लॉगमध्ये दिसला याचा अर्थ पुढे गेला असा होत नाही. स्क्रिप्ट चालत नसेल तर आधी 'एक्झिक्यूट' बघा, मग स्क्रिप्ट.

एका सीनियरने तेव्हा सल्ला दिला होता, 'डिसेबलऑथरायझेशन येस' (परवानगीची तपासणीच बंद) टाक आणि मोकळा हो. टाकलं की चालतं, खरंय. पण मग कुणीही पाठवलेला खोटा ट्रॅप तुमची स्क्रिप्ट चालवू शकतो. असले 'टाक आणि मोकळा हो' सल्ले देणारे रात्री दोनला फोन उचलत नाहीत, हेही नोंदवून ठेवतो. मला खरी मदत मॅन पेजनेच (लिनक्समधलं प्रोग्रामचं माहितीपान) केली. कंटाळवाणं आहे, पण वाचा.

फॉरवर्ड झाल्यावर दुसरी गंमत: मुख्य सर्व्हरवर सगळे ट्रॅप माझ्याच मधल्या सर्व्हरच्या पत्त्यावरून आल्यासारखे दिसू लागले. एसएनएमपीच्या व्ही१ आवृत्तीत ट्रॅपच्या आत एजंटचा पत्ता असतो, व्ही२सी आवृत्तीत तसं खास फील्ड नाही. कुठला स्विच पडला हे कशावरून ओळखायचं, ते तिकडच्या लोकांशी आधीच ठरवा.

घाबरू नका, एवढं सगळं एकदाच करावं लागतं. चाचणीसाठी डीमन मागे न चालवता समोर टर्मिनलमध्येच चालवा (मायनस एफ, आणि नोंदी तिथेच दिसाव्यात म्हणून मायनस एलओ) आणि दुसऱ्या मशीनवरून एसएनएमपीट्रॅप या कमांडने ट्रॅप पाठवा. त्याच मशीनवरून पाठवला तर बाहेरच्या वाटेची परीक्षाच होत नाही. आणि त्या कमांडमधली रिकामी अवतरणचिन्हं विसरू नका, ती अपटाइमची (उपकरण किती वेळ चालू आहे) जागा आहे.

व्ही३ वर (युजर आणि पासवर्डवाली आवृत्ती) जाणार असाल तर ट्रॅपसाठी पाठवणाऱ्या उपकरणाचा एंजिन आयडी (त्याची एसएनएमपीतली ओळख) युजर बनवणाऱ्या क्रिएटयूजरच्या ओळीत द्यावा लागतो. इन्फॉर्म (पोच मागणारा ट्रॅप) असेल तर एंजिन आयडी घेणाऱ्याचा चालतो. क्रिएटयूजरची ओळ व्हार-लिब फोल्डरखालच्या, डीमन स्वतः सांभाळतो त्या फाइलमध्ये लिहायची असेल तर आधी डीमन थांबवा. चालू असताना लिहिलीत तर बंद होताना तो ती फाइल स्वतःच्या हिशेबाने परत लिहितो आणि तुमची ओळ गायब. माझी दोनदा झाली.