कोठी एक रात्र रिकामी राहू द्या

मागच्या श्रावणात वस्तीवरच्या एका काकूंनी हाक मारून मला त्यांची कोठी दाखवली. पत्र्याची, तीन पोती मावतील एवढी, नवीकोरी. झाकण उचललं तर आतून घाम फुटल्यासारखे थेंब, आणि खाली वीतभर गव्हाची ढेप. बोटाने उकरली तर हिरवट बुरशी आणि कुबट वास. "भाऊ, तीन दिवस कडक ऊन दिलं हो," काकू म्हणाल्या. दिलं होतंच. पण तिसऱ्या दिवशी चार वाजता वळवाचं आभाळ भरून आलं, तेव्हा गच्चीवरचा तापलेला गहू तसाच घमेल्याघमेल्याने कोठीत ओतला आणि झाकण दाबून बसवलं.

दरवर्षी दोन-चार घरांत हेच बघतो. गरम दाणा बंद कोठीत निवायला लागला की त्यातली ओल वाफ होऊन वर चढते. रात्री पत्रा गार पडला की तीच वाफ झाकणाला पाणी होऊन लागते आणि खाली टपकते. वरचा थर भिजतो, बुरशी धरते, किड्यांना घर मिळतं. मग दोष गव्हाच्या वाणाला, नाहीतर व्यापाऱ्याला.

यंदा घाई करा, पण ती वाळवणाची. भरण्याची नको. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला होता, नेहमीची तारीख ११ जून असताना. त्या मे महिन्यात गच्च्यांवरच्या कुरडया आणि मिरच्या किती घरांत भिजल्या ते आठवा. म्हणून मृगाचा हिशोब धरून बसू नका. रोहिणी लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आधी, वर्षाची बेगमी वाळून, निवून घरात आलेली असावी.

वाळवण असं करा. ताडपत्रीवर दोन बोटांपेक्षा जाड थर नको. तासा-दोन तासांनी पायाने किंवा फावडीने खालवर करा. संध्याकाळी सगळं गोळा करून घरात घ्या, रात्रभर गच्चीवर झाकून ठेवलेलं धान्य सकाळी पुन्हा दमट लागतं. शेवटच्या दिवशीचं धान्य घरात फरशीवर कापडावर पसरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, हाताला गार लागलं की मगच भरा. कोकणात मात्र रात्रभर उघडं ठेवू नका, तिथली हवाच ओली. दोन-तीन तास पंख्याखाली निववा आणि त्याच रात्री भरा.

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? कृषी विद्यापीठांच्या शिफारशीप्रमाणे गहू-ज्वारीत ओल १० ते १२ टक्के आणि कडधान्यात ९-१० टक्क्यांच्या आसपास हवी. यंत्र घरात कुणाकडे नसतं. मी दाणा दाढेखाली धरतो. 'कट्ट' वाजून दोन तुकडे झाले तर ठीक, दबला तर अजून एक ऊन. दुसरी परीक्षा मिठाची: कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन मिनिटं हलवा, मग थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्य ओलं. नाही चिकटलं म्हणून लगेच भरू नका, ही परीक्षा फक्त जास्तीची ओल पकडते. शेवटचा शब्द दाढेचाच.

मिरचीचं वेगळं. देठ वाकतो तोवर ती ओली, देठ मोडला आणि हलवल्यावर बी आत खुळखुळलं की झाली. एखादी मिरची फोडून बघा. आत पांढरं-करडं जाळं दिसलं तर तो सगळा वाटा बाजूला काढा, कांडपात घालू नका. बुरशीतून अफलाटॉक्सिन नावाचं विष होतं, ते भाजून-शिजवूनही जात नाही. शेंगदाण्याचंही तेच.

कडुनिंबाच्या पाल्याबद्दल बोलायलाच हवं. पाला घालायचा हे सगळ्यांना माहीत, पण हिरवागार पाला ओरबाडून थेट कोठीत टाकणारेही मी पाहिले आहेत. म्हणजे धान्य वाळवायचं आणि वरून हाताने ओल घालायची! पाला सावलीत चुरचुरीत वाळवा, मगच थरांमध्ये पसरा.

तूर, हरभरा, मूग, मटकी. यांना टोके (कडधान्य पोखरणारे बारीक भुंगे) लागतात ते बरेचदा शेतातूनच अंडी घेऊन आलेले असतात. दाण्यावर खसखशीपेक्षा बारीक पांढरे ठिपके दिसले तर समजा. डाळीला हा किडा फारसा लागत नाही, म्हणून जमेल तेवढी तूर आत्ताच भरडून घ्या. अख्खं ठेवायचं ते किलोला ५ ते १० मिली खाद्यतेल चोळून ठेवा. मी करडईचं वापरतो, भुईमुगाचंही चालतं. तेल चोळायचं तेही निवलेल्या दाण्यालाच.

आता दुकानातल्या गोळ्या. एका दुकानदाराने आमच्याच घरी "कोठीत एक टाका, वर्षभर बघायला नको" म्हणून पुडी दिली होती. आईने मला दाखवली म्हणून कळलं, ती सल्फासची गोळी होती. ॲल्युमिनियम फॉस्फाईड. तिच्यातून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. राहत्या घरात तिचं काम नाही, मग कितीही स्वस्त मिळो. पाऱ्याच्या टिकड्याही मी माझ्या घरात येऊ देत नाही, खायच्या गव्हात पारा कशाला? कोरडा दाणा, स्वच्छ कोठी आणि दोन रुपयांचं तेल, यात दुकानदाराला काही सुटत नाही, म्हणून तो हे सांगत नाही.

भरण्याआधी कोठीचं:
– जुनं धान्य पूर्ण रिकामं, नव्यात मिसळू नये
– फटी-सांधे ब्रशने झाडणे
– दिवसभर उन्हात तापवणे, मग निववणे
– भिंतीपासून वीतभर लांब, खाली लाकडी फळी
– बारदान वापरायचं तर उकळत्या पाण्यातून काढून कडकडीत वाळवून

परसबागेचं बियाणं म्हणजे याच गोष्टीची धाकटी बहीण. घरचं दोडक्याचं, भोपळ्याचं, गवारीचं बी ठेवणाऱ्या बाया गावोगाव आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती असं गावरान बी जपण्यासाठीच. पण बी वाळवताना उलटी काळजी घ्या. खायच्या धान्याला भर दुपारचं ऊन चालतं, बियाण्याला नाही. सकाळचं ऊन द्या, १२ ते ४ सावलीत घ्या, तापलेल्या पत्र्यावर तर कधीच नको, कोंब मरतो. काकडी-भोपळ्याचं बी गरातून काढून धुऊन वाळवा. मग काचेच्या बरणीत, बी बुडेल इतकी चाळलेली कोरडी राख घालून ठेवा. राख चुलीतून काढल्या काढल्या नको, तीही निवलेली हवी.

पेरण्याआधी १० बिया ओल्या फडक्यात बांधून ठेवा. सातपेक्षा जास्त उगवल्या तर बिनधास्त लावा, पाच उगवल्या तर आळ्यात दुप्पट टाका, त्याखाली असेल तर शेजारणीकडून मागा. रंगीत पाकिटातलं महाग बी आणायची वेळ सगळ्यात शेवटी.

पावसाळी परसबाग, थोडक्यात:
– दोडका, कारली, दुधी: आळ्यात ३-४ बिया, मांडव आधी
– भेंडी, गवार: वीतभर अंतर
– कारल्याचं बी रात्रभर भिजवून
– बीजप्रक्रिया: ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) ४-५ ग्रॅम प्रति किलो बियाणे
– डबे-कुंड्यांना तळाशी भोकं, नाहीतर मुळं कुजतात
– मावा-तुडतुड्यांसाठी ५ टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर, गाळून, २ ग्रॅम साबण चुरा

निंबोळ्या आत्ता पडायला लागतील. गोळा करा, गर धुऊन सावलीत वाळवा. ओल्या पोत्यात बांधल्या तर चार दिवसांत काळ्या पडतात आणि मग तो अर्क म्हणजे नुसतं गढूळ पाणी.

पहिला मोठा पाऊस झाला की पंधरा दिवसांनी कोठी उघडा आणि हात कोपरापर्यंत आत घाला. गार लागला तर झाकण लावा. ऊब लागली तर त्याच दिवशी सगळं बाहेर काढा, पावसाची झड असली तरी. घरात पंख्याखाली पसरा. बुरशी धरलेला दाणा सरळ टाकून द्या, जनावरांनाही नको. राहिलेल्यातलं कडधान्य कढईत मंद आचेवर थोडं थोडं गरम करा, निववा, भरडून डाळ करा. गहू असेल तर आधी त्याच कोठीतलं दळायला काढा.