घर बांधताना ठेकेदार ‘एक्स्ट्रा’ मागतो तेव्हा काय करावं

इंदूरमध्ये स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायचं तर ठेका बहुधा चौरस फुटाच्या भावावर दिला जातो. सुदामा नगर असो की बायपासकडची नवी कॉलनी, बोलणी एका आकड्यावर येऊन थांबतात आणि आठवड्याभरात खोदकाम सुरू होतं. मग पायाला, स्लॅबला, टाइल्सला एकच वाक्य कानी पडू लागतं: “भाईसाब, ये तो एक्स्ट्रा में आएगा.” यातली काही मागणी अगदी रास्त असते आणि काही नसते. कुठली कशी, हे काम होण्याआधी ठरवता येतं. प्लास्टर चढलं की आत काय आणि किती झालं हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही.

भावात काय धरलंय ते लिहून घ्या

आधी चौरस फूट म्हणजे कुठले, ते विचारा. बाल्कनी, छज्जे, जिन्यावरची खोली पूर्ण मोजायची, अर्धी की अजिबात नाही? एवढ्या एका प्रश्नावर हिशेब बराच बदलतो. मग जमिनीखालचा हौद, सेप्टिक टँक, कंपाउंडची भिंत, गेट, बोअरिंग, पावसाचं पाणी जिरवायची सोय, समोरचं एलिव्हेशन ही एकेक बाब काढा आणि प्रत्येकीपुढे ‘धरलंय’ किंवा ‘धरलेलं नाही’ असं लिहा. ‘चांगल्या टाइल्स’ असं मोघम ठेवू नका. चौरस फुटाला किती रुपयांपर्यंतची टाइल, ते लिहा. त्यापेक्षा महागडी निवडलीत तर वरचा फरक तुमचा. सळई आणि सिमेंटचे भाव वाढले तर कुणी सोसायचे, कराराच्या दिवशी ते किती होते, हेही त्याच कागदावर यावं.

याला जोडून वाढीव कामाचं दरपत्रक घ्या: खोदकाम ब्रासला (१०० घनफुटांना) किती, काँक्रीट घनमीटरला किती, सळई बांधून किलोला किती, विटांची जुडाई किती, विजेचा एक पॉइंट किती. ठेकेदार म्हणेल, “अरे भाईसाब, बाद में देख लेंगे.” पण काम मिळायचं असतं तेव्हा तो दर वाजवी सांगतो. अर्धं घर उभं राहिल्यावर दुसरा ठेकेदार आणणं तुम्हाला जड जाणार हे त्याला ठाऊक असतं, आणि मग दर तसाच सांगितला जातो.

जीएसटीचंही इथेच विचारा. एकट्या स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामात ठेका फक्त मजुरीचा असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. मालासकट ठेका असेल तर १८ टक्के लागतो. भाव करासकट की कर वेगळा, हे करारात हवं. नोंदणी नसलेल्या ठेकेदाराला कर वसूल करता येत नाही, म्हणून कर देणार असाल तर जीएसटी क्रमांक असलेलंच बिल घ्या.

पाया: सगळ्यात मोठा एक्स्ट्रा

माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर पाया ठेवला तर भिंतींना तडे जातात, म्हणून मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत खाली जावंच लागतं. तो किती खोल आहे हे खणल्याशिवाय नेमकं कळत नाही. तेव्हा पाया खोल गेल्याचे पैसे ठेकेदाराने मागितले तर त्यात वावगं काही नाही. प्रश्न किती मागितले याचा आहे. ठरावापूर्वी प्लॉटवर एक-दोन चाचणी खड्डे खणून घेतलेत तर इथला निम्मा वाद मिटतो.

समजा १२ कॉलम आहेत, प्रत्येकाचा खड्डा ५ बाय ५ फूट, आणि ठरलेल्या ५ फुटांऐवजी ७ फूट जावं लागलं. इंजिनिअरने फुटिंगचं, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या रुंद बैठकीचं, डिझाइन बदललेलं नसेल तर फुटिंग तेवढंच राहतं, फक्त खाली जातं. वाढलं काय? खोदकाम ६०० घनफूट, म्हणजे ६ ब्रास. कॉलम ९ बाय १५ इंचांचे असतील तर दोन फूट वाढीव उंचीचं काँक्रीट १२ कॉलमचं मिळून साडेबावीस घनफूट. कॉलमला १२ मिलीमीटरच्या सहा सळया आणि ८ मिलीमीटरच्या रिंगा धरल्या तर लोखंड साधारण ६० किलो. शिवाय निघालेली काळी माती उचलून नेणं आणि खड्ड्यात मुरूम भरून तो नीट ठोकणं. प्रत्येकाला दरपत्रकातला दर लावा आणि बेरीज करा. ‘पाया दोन फूट खाली गेला, सगळे मिळून इतके द्या’ असं ठोक सांगितलं, तर ही फोड कागदावर मागा.

माप घ्यायचं ते खड्डा उघडा असताना. टेप लावून खोलीचा फोटो काढा, वहीत लिहा, तुमची आणि ठेकेदाराची सही घ्या. सळईचं वजन पडताळायचं सूत्र सोपं आहे: मिलीमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १२ मिलीमीटरची सळई मीटरला सुमारे ०.८९ किलो भरते.

मागणी आली की

एक्स्ट्रा तीन प्रकारचा असतो. तुम्ही मधेच खिडकी सरकवली, बाथरूम वाढवलं, तो खर्च तुमचा. जमिनीत कुणाला न दिसलेलं काही निघालं, तोही मोजून तुमचाच. पण पाइप टाकायचा राहिला म्हणून लागलेली टाइल फोडली, किंवा भिंत ओळंब्यात नाही म्हणून प्लास्टर जाड झालं, तर ते ठेकेदाराने सोसायचं. त्या वेळी संकोच करू नका, चांगला ठेकेदार हे स्वतःच मान्य करतो.

साइटवर तोंडी ‘हो, करून टाका’ म्हणणं टाळा, घरातल्या बाकीच्यांनाही तसं सांगून ठेवा. मिस्तरी विचारतो, कुणी मान डोलावतं आणि ते बिलात येतं. त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहा: काय काम, किती माप, काय दर, किती दिवस वाढतील. ठेकेदाराचा होकार आल्यावरच काम सुरू करू द्या. नको असलेलं काम होताना दिसलं तर लगेच लेखी थांबवा. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७० प्रमाणे, फुकट करायचा हेतू नसताना कुणी तुमच्यासाठी काही केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतलात, तर मोबदला देणं लागतं. म्हणून गप्प बसणं तुमच्याच अंगाशी येऊ शकतं.

खऱ्या एक्स्ट्राचे पैसे मात्र अडवू नका. मजुरांचा आठवड्याचा पगार त्यातूनच निघतो. फक्त त्याचं बिल मूळ हप्त्यात मिसळू देऊ नका, आणि पैसे बँकेतूनच द्या. प्रत्येक हप्त्यातून थोडी रक्कम राखून ठेवायची, आणि ती पहिल्या पावसाळ्यात गळती नाही हे पाहून सोडायची, असं करारातच ठरवा.

तरीही जुळलं नाही तर

दोघांना चालेल असा त्रयस्थ इंजिनिअर बोलवा आणि झालेल्या कामाचं माप करून घ्या. बरेच वाद आकडा समोर आला की तिथेच मिटतात. नाही मिटला तर हिशेबासह लेखी नोटीस द्या. स्वतःच्या प्लॉटवरच्या ठेक्याला रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीचा कायदा, लागू होत नाही. भोपाळच्या रेरा प्राधिकरणाकडे जायचं ते बिल्डरच्या प्रकल्पात फ्लॅट किंवा रो-हाउस घेतलं असेल तर. ठेकेदाराविरुद्ध वाट ग्राहक आयोगाची, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही ‘सेवा’ धरली आहे. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जायचं, ५ लाखांपर्यंत फी नाही. तक्रार वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी विचारणा करता येते. तक्रारीला करार, दरपत्रक, सहीची मापवही, बँकेच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपच्या संदेशांच्या प्रती जोडा.