परदेशातून गोव्याची ओळख करून देताना: समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्या गोमंतकीयांसाठी

परक्या देशातील सामान्य माणसांशी संवाद साधून तेथील जनमत आपल्या बाजूने वळवण्याच्या प्रयत्नाला अमेरिकी राजनयिक एडमंड गलियन यांनी १९६५ साली जी संज्ञा दिली, तिला मराठीत सार्वजनिक राजनय म्हणता येईल. लिस्बन, इंग्लंडमधील स्विंडन किंवा दुबईत राहणारा फोंड्याचा तरुण हेच काम आज मोबाइलवरून करू शकतो.

सर्वप्रथम आपला वाचक ठरवावा. जत्रेच्या छायाचित्राखाली गावच्या शंभर नातेवाइकांनी हात जोडले, तरी शेजारच्या पोर्तुगीज कुटुंबाला त्यातून काहीच कळत नाही. त्यात गैर काही नसले तरी तो राजनय नव्हे. म्हणून मजकूर यजमान देशाच्या भाषेत लिहावा, तेथील एखाद्या मित्राकडून तपासून घ्यावा आणि आपल्या मंडळाच्या पानाऐवजी त्या नगरातील रहिवाशांच्या फेसबुक गटात टाकावा.

विषय नेमका निवडावा. समजा, लिस्बनमधील वाचकांसाठी मंगेशीवर लिहायचे आहे. नुसते ‘प्राचीन मंदिर’ म्हणून भागणार नाही. पोर्तुगीज राजवटीतील धर्मछळामुळे १५६० साली हा देव कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, जुवारी नदीपलीकडे प्रियोळला आणला गेला, हे स्पष्ट लिहावे. सौजन्यापोटी इतिहास पुसू नये आणि आजच्या वाचकाला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करू नये. त्याच मंदिराच्या घुमटात युरोपीय वास्तुशैलीची छाया दिसते, हे छायाचित्रासह दाखवले की वाचक स्वतःच प्रश्न विचारू लागतो. वादाला तोंड फुटू नये असे वाटत असेल, तर केरीच्या शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांपासून सुरुवात करावी, कारण १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेल्या ध्वनिमुद्रिकेत त्यांची भैरवी आहे आणि ही गोष्ट कोणत्याही देशात रस घेऊन ऐकली जाते.

आखातात मात्र पावले जपून टाकावीत. संयुक्त अरब अमिरातीत परवानगीशिवाय समाजमाध्यमांवरून देणग्या गोळा करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे ‘देवस्थानाच्या जीर्णोद्धारासाठी हातभार लावा’ असे सद्भावनेने केलेले आवाहनही अंगलट येऊ शकते. संमतीशिवाय इतरांची छायाचित्रे टाकणेही तेथे महागात पडते. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा अभिमान लिस्बनमध्ये खुशाल मिरवावा, पण मद्यबंदी असलेल्या कुवेतमध्ये तो मनातच ठेवलेला बरा.

मराठी-कोकणी वाद परक्यांसमोर उगाळू नये. कोकणीला गोव्याची राजभाषा ठरवणाऱ्या १९८७ च्या कायद्याविषयी आपली मते ठाम असतील (माझीही आहेत), पण ती मांडण्याची जागा गोव्यात आहे. परदेशी वाचकाला त्यातून फक्त घरातले भांडण दिसते.

मजकूर टाकल्यानंतरचे दोन दिवस उत्तरांसाठी राखून ठेवावेत. कोणी गोव्याला केवळ समुद्रकिनारे आणि मेजवान्या समजून थट्टा केली, तर चिडण्याऐवजी शिगम्याच्या मिरवणुकीची एखादी चित्रफीत द्यावी आणि ती कोणत्या गावची, कोणत्या वर्षीची हे तिच्याखाली लिहावे.