व्हेपच्या कायद्यात ओढणाऱ्याआधी देणारा अडकतो: या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ माझ्या ऑफिसात आले आणि रुमालात गुंडाळलेली एक वस्तू त्यांनी टेबलावर ठेवली. गुलाबी रंग, हायलायटर पेनाएवढी, एका टोकाला चपटं तोंड, दुसऱ्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा दिवा. नाकाजवळ नेली तर पिकलेल्या आंब्याचा वास. व्हेप, म्हणजेच ई-सिगारेट. अकरावीतल्या मुलाच्या दप्तरात ती दीड महिना होती. आईने दोनदा हातात घेऊन, पेन समजून, पुन्हा कप्प्यात ठेवली होती.

"वकीलसाहेब, मुलाला पोलीस नेतील का?" एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी वडिलांना बाहेर बसवलं आणि मुलाला आत बोलावलं. पाच मिनिटांत कळलं की त्याने एकदम चार घेतल्या होत्या, कारण चारात स्वस्त पडल्या. एक स्वतःला, तीन वर्गातल्या मित्रांना. "घेतल्या भावात दिल्या काका, एक रुपया कमावला नाही." नफा नाही म्हणजे विक्री नाही, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मला त्याच्या ओढण्याइतकीच काळजी या वाक्याची वाटली.

२०१९ चा ई-सिगारेट बंदी कायदा नीट वाचला की एक गोष्ट ठळक दिसते. त्याचा रोख धुरावर कमी आणि वस्तूच्या प्रवासावर जास्त आहे. बनवणं, आयात-निर्यात, वाहून नेणं, विकणं, वाटणं, साठवणं, जाहिरात करणं या सगळ्याला बंदी. वटहुकूम १८ सप्टेंबर २०१९ ला निघाला, डिसेंबरमध्ये संसदेने त्याचा कायदा केला आणि तो त्या सप्टेंबरपासूनच लागू धरला. त्याआधी पंजाब, कर्नाटक, केरळ, बिहार अशा काही राज्यांनी आपापल्या पातळीवर मनाई केली होती, आणि एका राज्यात बंद असलेला माल दुसऱ्या राज्यात उघड मिळत होता. आता देशभर एकच कायदा आहे. गोव्याला सुट्टीला जाणारी मुलं अजूनही विचारतात, "तिकडे चालतं ना?" तिकडेही चालत नाही.

"यात निकोटीन नाहीच"

दुकानदार हे हमखास सांगतो. पाकिटावरही शून्य टक्के छापलेलं असतं. पण कायद्याची व्याख्या अशी आहे: एखादा पदार्थ तापवून, श्वासावाटे ओढण्यासाठी त्याची वाफ करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, मग त्यात निकोटीन असो वा नसो, फ्लेवर असो वा नसो. नाव काहीही असो, आकार कसाही असो. तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणं आणि ई-हुक्का यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. बाहेर राहतात ती फक्त औषधं व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना असलेली उत्पादनं.

ई-हुक्क्याचं कॅफेवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावं. कमला मिलच्या आगीनंतर, २०१८ मध्ये, महाराष्ट्राने तंबाखू कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. कोळसा काढून बॅटरी लावली की आपण सुटलो, असं समजणारा मालक एका कायद्यातून निघून दुसऱ्यात पडतो.

सुट्या भागांचंही तेच. नुसता पॉड (ओढायचा द्रव भरलेली कुपी), नुसतं यंत्र, असं वेगवेगळं आणलं म्हणून फरक पडत नाही. बनवणं, आणणं, विकणं, वाटणं, जाहिरात यांवर बंदी घालणारं कलम ४ पूर्ण वस्तूइतकंच तिच्या कुठल्याही भागाला लागू आहे.

"विकलं कुठे, दिलं फक्त"

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकू शकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कायद्यातली 'विक्री' आपल्या बोलण्यातल्या विक्रीपेक्षा फार मोठी आहे. रोख, उधार, अदलाबदल, घाऊक, किरकोळ, ऑनलाइन, सगळं तिच्यात येतं. विकायचा करार, विकायची तयारी दाखवणं, विकायला मांडून ठेवणं हेही येतं. नफ्याची अट कुठेच नाही. "माझा ब्लू रास्पबेरी घे, तुझा मिंट दे" ही अदलाबदल झाली. हॉस्टेलच्या ग्रुपवर "दोन शिल्लक आहेत, कोणाला हव्यात?" असं लिहिणं म्हणजे विकायची तयारी दाखवणं. फुकट दिलं तर? 'वाटणं' या शब्दाच्या व्याख्येत नमुना म्हणून दिलेली वस्तू येते, पैसे घेऊन दिलेली असो की फुकट.

शिक्षा पाहा. कलम ४ मोडलं तर पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळेपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. 'घेतल्या भावात' देणारा मुलगा आणि गोदामातून माल काढणारा व्यापारी एकाच कलमाखाली येतात. शिक्षा किती द्यायची ते न्यायालय ठरवेल, पण गुन्ह्याचं कलम तेच.

रील बनवणाऱ्यांनी जाहिरातीची व्याख्या वाचावी. दृश्य किंवा श्राव्य प्रसिद्धी, मग ती प्रकाशाने, आवाजाने, धुराने, छापील कागदाने किंवा सोशल मीडियावरून केलेली असो. लेबल आणि वेष्टनसुद्धा त्यात येतं. धुराचा शब्द कायद्यात मुद्दाम घातलेला आहे. धुराची वलयं सोडत कुठला फ्लेवर चांगला ते सांगणारी पंधरा सेकंदांची क्लिप गंमत म्हणून टाकली, हे नंतर पटवून देणं अवघड जातं. आणि तिच्याखाली "डीएम कर" लिहिलं असेल तर विचारूच नका.

दुबईची भेटवस्तू

मामा दुबईहून येतात, भाच्यांसाठी चॉकलेट आणि मोठ्या भाच्यासाठी 'ते' आणतात. तिथे २०१९ पासून विक्रीला परवानगी आहे, दुकानात बिल मिळतं, विमानतळावरही दिसतं. मग चूक कुठे? चूक मुंबईत उतरल्यावर होते. भारतात आणणं म्हणजे आयात, आणि दारूच्या बाटल्यांना जशी ठरावीक सूट असते तशी इथे एका नगाचीही नाही. कस्टम्स कायद्यात हा मनाई असलेला माल ठरतो, तो जप्त होऊ शकतो आणि वर दंडही बसू शकतो. परदेशातलं बिल दाखवून काही साधत नाही. उलट माल कुठून आणला याचा तो पुरावा होतो. शिवाय आपल्याकडच्या विमान कंपन्या ही वस्तू ना हातातल्या बॅगेत चालवून घेतात, ना चेक-इनमध्ये.

परदेशी वेबसाइटवरून मागवलेलं पार्सल ही सुद्धा आयातच. 'डिलिव्हरी गॅरंटी' हा विकणाऱ्याचा शब्द आहे. पार्सलवर नाव, पत्ता, फोन नंबर तुमचा असतो.

इथल्या इथे टपरीवर किंवा इन्स्टावर मिळणाऱ्या मालाबद्दल एक वेगळी भीती आहे. आत काय भरलंय हे तपासणारं कोणी नाही. २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं खराब होऊन २,८०० हून जास्त लोक रुग्णालयात गेले आणि ६८ दगावले. त्यातल्या बहुतेकांनी टीएचसी या गांजातल्या नशेच्या घटकाचा माल वापरला होता, तोही बऱ्याचदा मित्रांकडून किंवा चोरट्या बाजारातून घेतलेला. त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर मुख्य संशय गेला. टपरीवर उघड मिळतं म्हणजे चालत असेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आकडे एकदा वाचावेत.

"नुसतं ओढणं तर गुन्हा नाही ना?"

हा प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा इंटरनेटवर अर्धं वाचून आलेला असतो. कायद्यात ओढण्यासाठी वेगळं शिक्षेचं कलम नाही, हे खरं. पण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की ई-सिगारेट कोणत्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात जवळ बाळगणं हे या कायद्याचं उल्लंघनच आहे. वैयक्तिक वापराची सूट नाही. आणि कुठेही कायदेशीर विक्री नसताना हातात आलेली वस्तू कुठून आली, हा पोलिसांचा पहिला प्रश्न असतो. त्याचं खरं उत्तर दिलं की कोणी तरी विकलेलं, वाटलेलं किंवा आणलेलं निघतंच.

साठवणुकीत घरमालक आणि मोठी माणसंही सापडतात. आपल्या ताब्यातल्या जागेत साठा ठेवू देणं, माहीत असून, हा कलम ५ चा गुन्हा: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जागेत घर, खोली आणि वाहन सगळं आलं. रूममेटचा खोका पलंगाखाली आहे हे ठाऊक असेल तर "माझा नाही" एवढं म्हणून भागणार नाही.

मुलं शिकायला बाहेर गेली की

सिंगापूरमध्ये नुसतं जवळ असणं आणि ओढणं दोन्ही गुन्हा आहे, २०१८ पासून. थायलंडमध्ये आयातीवर २०१४ पासून बंदी. फुकेतला जाणाऱ्या ग्रुपने हे तिकीट काढतानाच वाचावं. अमेरिकेत डिसेंबर २०१९ पासून २१ वर्षांखालच्या कोणालाही विकता येत नाही, आणि त्यावर प्रत्येक राज्याचे आपापले नियम. न्यू जर्सीत, जिथे आपली इतकी मंडळी राहतात, फ्लेवरच्या व्हेपची विक्री २०२० पासून बंद आहे, आणि नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात ती मिळते. एका राज्यात चाललं ते दुसऱ्यात चालेल हे धरून चालू नका.

चूक होऊन गेली असेल तर

घाबरून केलेली दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडते. झडती घेणारा अधिकारी पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरचा, नाहीतर सरकारने अधिकार दिलेला त्याच दर्जाचा किंवा त्यावरचा दुसरा अधिकारी असावा लागतो. नाव, हुद्दा नम्रपणे विचारायला हरकत नाही. धक्काबुक्की करू नका, वस्तू फेकू नका, फोनमधले मेसेज पुसू नका. जप्ती झाली तर पंचनामा वाचून मगच सही करा. न वाचता सही करणारे मी इतके पाहिलेत की हे वाक्य मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. "इथेच पैसे भरा, मिटवून टाकू" असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा: या कायद्यातला दंड न्यायालय लावतं, रस्त्यावर नाही. मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही. त्याचा मामला बाल न्याय मंडळापुढे जातो. वयाचा दाखला सोबत ठेवा आणि वकिलाला लगेच कळवा.

पालकांनी एक करू नये. सापडलेली वस्तू घेऊन टपरीवाल्याशी भांडायला जाऊ नये, पैसे परत मागू नयेत. तक्रार पोलिसांकडे करा. आरोग्य मंत्रालयानेही २०२३ मध्ये अशा तक्रारींसाठी पोर्टल सुरू केलं आहे.

आणि सवय लागलेली असेल तर तिच्यावर उपाय कायद्यात बसणारा आहे. निकोटीनची च्युइंगम औषध म्हणून परवानाधारक असल्याने या बंदीत येत नाही, पण ती डॉक्टरांना विचारूनच, मुलांच्या बाबतीत तर नक्कीच. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन मोफत, मराठीतही बोलता येतं. त्या दिवशी हा नंबर मी एका चिठ्ठीवर लिहिला. वडिलांनी हात पुढे केला होता. मी ती मुलाच्या हातात दिली.