दगडातला कार्बन कसा शोधावा

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांसमोर मी पहिल्या दिवशी सहा दगड मांडते आणि विचारते, यांतल्या कोणत्या दगडात सगळ्यात जास्त कार्बन असेल? बहुतेक बोटं काळ्याभोर बेसॉल्टकडे वळतात. कोळसा काळा, पेन्सिलीचं शिसं काळं, म्हणून काळा दगडही कार्बनचाच, असा त्यांचा हिशोब. पण बेसॉल्टला काळेपणा येतो तो लोह आणि मॅग्नेशियम असलेल्या खनिजांमुळे. कार्बन त्यात अगदी नावापुरता. कडेला ठेवलेल्या पांढऱ्या संगमरवरात मात्र वजनाच्या जवळजवळ १२ टक्के कार्बन असतो.

भूकवचाचा साधारण ४६ टक्के भाग ऑक्सिजन, २८ टक्के सिलिकॉन, मग ॲल्युमिनियम ८ आणि लोह ५. त्यापुढे कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम. आपल्या शरीरात कार्बन वजनाच्या १८ टक्के भरतो, भूकवचात तो एका टक्क्याच्याही खूप खाली. पण हा थोडका कार्बन सगळीकडे सारखा पसरलेला नाही, त्याचा मोठा वाटा कार्बोनेट खडकांत, म्हणजे चुनखडी आणि संगमरवरासारख्या दगडांत, साठलेला आहे. म्हणून तो घरच्या घरी सापडतो.

पांढरं व्हिनेगर, ड्रॉपर, भिंग, लोखंडी खिळा आणि झिलई नसलेली टाइल (कुठल्याही टाइलची मागची बाजू चालते) एवढं जमवा. दगड धुऊन पूर्ण वाळवा.

आधी साध्या पाण्याचा थेंब टाका. ही पायरी कंटाळून गाळू नका. सच्छिद्र दगडातली हवा पाणी आत शिरताना बाहेर पडते आणि तिचे बुडबुडे हुबेहूब आम्लाच्या फसफसण्यासारखे दिसतात. पाण्याने बुडबुडे आले तर ते थांबेपर्यंत वाट पाहा. मगच त्या जागी व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाका, भिंग लावा, दगड कानाजवळही धरा. चुनखडी आणि संगमरवरावर बारीक बुडबुड्यांची रांग उठते. हा कार्बन डायऑक्साइड. सागरी जीवांनी पाण्यातून घेऊन शिंपल्यांत बांधलेला कार्बन लाखो वर्षांनी असा सुटताना पाहिला की मला अजूनही भरून येतं.

काहीच झालं नाही तर खिळ्याने ओरखडा काढा आणि निघालेल्या भुकटीवर थेंब टाका. डोलोमाइट (कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असलेला कार्बोनेट खडक) अखंड असताना जवळजवळ गप्प राहतो, भुकटी मात्र हळूहळू फसफसते. खिळ्याने ओरखडाच उठत नसेल तर ती बहुधा गारगोटी, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. कॅल्साइटसारखीच (चुनखडी आणि संगमरवराचं मुख्य खनिज) पांढरी दिसते, पण तिच्यात कार्बन नाही. बेसॉल्टवर बुडबुडे आले तर नीट बघा, कुठे आले? पुष्कळदा त्यातली भेग किंवा पोकळी कॅल्साइटने भरलेली असते. थेंब पांढऱ्या शिरेवर वेगळा टाका, काळ्या भागावर वेगळा. फळ्यावरचा खडू तपासणार असाल तर लक्षात ठेवा, तो अनेकदा जिप्समचा असतो आणि फसफसत नाही.

कोळसा आणि ग्राफाइट (पेन्सिलीचं शिसं) यांच्यापुढे व्हिनेगरचा उपयोग नाही, कारण त्यांतला कार्बन कार्बोनेटच्या रूपात नसतो. त्यांच्यासाठी टाइलवर रेघ ओढा. ग्राफाइट मऊ असतो, बोटाला लागतो, करडी-काळी रेघ सोडतो. हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहाची खनिजंही काळी दिसतात. काळसर हेमॅटाइटची रेघ तांबूस येते. मॅग्नेटाइटची काळी येते, पण त्याला चुंबक चिकटतो.

आता मोजणी. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. वाळलेला संगमरवराचा तुकडा तोला आणि भरपूर व्हिनेगरमध्ये ठेवा. भांड्याचं झाकण घट्ट लावू नका, वायूचा दाब वाढतो. रोज व्हिनेगर बदला. ओतून टाकायच्या व्हिनेगरमध्ये भुकटी दिसली तर ती गाळून, वाळवून वेगळी तोला. तेवढा भाग विरघळलेला नसतो, म्हणून घटीतून वजा करा. तिसऱ्या दिवशी तुकडा धुऊन पूर्ण वाळवून तोला. माझा २० ग्रॅमचा तुकडा १६.५ भरला, गाळ निघाला नाही. कॅल्साइटमध्ये वजनाने कॅल्शियम ४० भाग, कार्बन १२, ऑक्सिजन ४८, बेरीज १००. म्हणजे विरघळलेल्या ३.५ ग्रॅमांत ०.४२ ग्रॅम कार्बन होता आणि तो १.५४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन सुटला, आकारमानाने पाऊण लिटरहून जास्त. चुनखडीच्या भट्टीत हेच उष्णतेने होतं. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो कळीचा चुना हाती लागतो, उरलेले ४४ किलो हवेत जातात.

फरशीवर किंवा ओट्यावर बसवलेल्या संगमरवरावर हा प्रयोग करू नका. एका थेंबानेही तिथली चकाकी जाते आणि परत घासून घेतल्याशिवाय येत नाही.