अडलेला इंग्रजी शब्द: आधी वाक्य, मग डिक्शनरी

शब्द अडला की लगेच डिक्शनरी उघडू नका. तो नाम आहे, क्रियापद की विशेषण, हे आधी ठरवा. मग आजूबाजूला ‘बट’, ‘अनलाइक’, ‘ऑल्दो’ असं काही आहे का बघा. असेल तर अर्थ बहुधा विरुद्ध बाजूचा. ‘अनलाइक हिज फ्रूगल ब्रदर, ही स्पेंट फ्रीली’: हा सढळ हाताने उधळणारा, म्हणजे ‘फ्रूगल’ भाऊ काटकसरी. पण इथे ‘कंजूष’ही चपखल बसतं, आणि फसगत होते ती इथेच! शब्द कौतुकाचा की टीकेचा, हे एका वाक्यातून कळेलच असं नाही. म्हणून अंदाज पेन्सिलीने समासात लिहा, परिच्छेद संपल्यावर डिक्शनरीत ताडून पाहा. शंभरात आठ-दहा शब्द अनोळखी असतील, तर अंदाजाला आधारच उरत नाही. सरळ सोपा मजकूर घ्या.