मुलाला 'किती' कसे समजते, आणि घरी त्याला कशी मदत करावी

मंगळवार पेठेतील आमच्या बालवाडीत साडेतीन वर्षांची एक मुलगी वीसपर्यंतचे अंक न अडखळता म्हणत असे. समोर मांडलेले पाच चिंचोकेही तिने एकेकावर बोट ठेवून बरोबर मोजले. पण 'मग किती झाले?' असे विचारताच ती पुन्हा एकपासून मोजू लागली आणि 'मला चार दे' म्हटल्यावर तिने मूठभर चिंचोके माझ्या हातावर ठेवले. शेवटी उच्चारलेला अंक हा सगळ्या वस्तू मिळून किती आहेत हे सांगतो, ही समज तिला अजून आलेली नव्हती. अशा वेळी 'चुकलीस' म्हणू नये. या वयात हे अगदी स्वाभाविक असते.

म्हणून अंक पाठ करून घेण्याआधी मुलाला संख्या दिसू द्यावी. तीनपर्यंतच्या वस्तू न मोजता एका दृष्टिक्षेपात ओळखता येतात, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी. शेंगा सोलताना दोन दाणे तळहातावर दाखवावेत, मूठ मिटावी आणि 'किती होते?' असे विचारावे. जास्त-कमीची जाण तर बोलणे येण्याआधीच असते. सहा महिन्यांच्या बाळांना 8 आणि 16 ठिपक्यांतला फरक जाणवतो, 8 आणि 12 मधला मात्र जाणवत नाही, असे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. त्यामुळे दोन वाट्यांत दाणे ठेवून 'कशात जास्त?' असे विचारताना आधी दुपटीचा फरक ठेवावा व मूल सहज सांगू लागले की तो हळूहळू कमी करावा.

यानंतर 'मोजून दाखव' यापेक्षा 'आणून दे' असे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण त्यात कुठे थांबायचे हे मुलाला स्वतः ठरवावे लागते. जेवायला बसताना चार ताटांसाठी चार वाट्या मागाव्यात. एक वाटी कमी पडली तर आपण ती उचलून देऊ नये. रिकामी जागा त्याला दिसतेच.

सहा चिंचोक्यांची ओळ लांब पसरली की चार-पाच वर्षांची मुले 'आता जास्त झाले' म्हणतात. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हे सविस्तर अभ्यासले होते. इथे समजावून सांगण्याचा आग्रह धरू नये. ओळ मुलालाच पुन्हा जवळ आणू द्यावी.

वीसच्या पुढे मराठी अंकांची खरी अडचण येते. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना मात्र दोन आधी लिहावा लागतो, म्हणून 25 चे 52 होते. 'एकोणतीस' या शब्दात तर तीस ऐकू येते. कपिलतीर्थ मंडईतून मेथीच्या पेंड्या आणल्या की मुलाला त्या दाखवाव्यात आणि तशाच काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या त्याच्याकडून बांधून घ्याव्यात. दोन जुड्या व पाच सुट्या काड्या म्हणजे पंचवीस. तीन जुड्यांतून एक काडी काढून घेतली की एकोणतीस. हे हाताने पुरेसे करून झाल्यावरच पाटी-पेन्सिल द्यावी.